गाडीतला मॅप की खिशातला?

नव्या गाडीच्या किमतीचा तक्ता हातात आला की नजर आधी एअरबॅगवर जाते, मग सनरूफवर, मग सगळ्यात खालच्या आकड्यावर. टॉप मॉडेलच्या रकान्यात या सगळ्यांच्या अध्येमध्ये एक ओळ असते: ‘इन-बिल्ट नेव्हिगेशन’. त्याखालच्या मॉडेलपुढे फुली. सेल्समन त्या ओळीवर बोट ठेवून सांगतो, “सर, यात मॅप गाडीतच येतो.” ऐकणाऱ्याच्या खिशात फोन असतो आणि शोरूमपर्यंत तो त्याच फोनवर मॅप लावून आलेला असतो.

फोनवर जे फुकट मिळतं त्यासाठी गाडीत वेगळे पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्तच आहे. निर्णय करताना एक सूत्र धरलं तर गोंधळ बराच कमी होतो: नुसत्या नकाशासाठी पैसे देऊ नयेत. ताजा नकाशा, रस्त्यावरची आत्ताची गर्दी आणि पत्त्यांचा शोध, या तिन्हींत फोन बहुतेक वेळा सरस ठरतो. मात्र चाक किती फिरलं, गाडी किती वळली, बॅटरीत किती चार्ज उरला, हे गाडीला जितकं नेमकं कळतं तितकं फोनला कळत नाही. कंपनीने बसवलेली यंत्रणा या माहितीचा उपयोग करत असेल आणि तिचा नकाशा पुढची काही वर्षं अद्ययावत राहण्याची लेखी खात्री असेल, तरच ती ओळ पैशांच्या लायकीची.

एका नावाखाली तीन वस्तू

शोरूममध्ये ‘नेव्हिगेशन’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात नकाशा गाडीच्याच मेमरीत किंवा एसडी कार्डवर साठवलेला असतो. इंटरनेट नसलं तरी तो चालतो, पण नवा रस्ता त्यात आपोआप येत नाही. पेन ड्राइव्हने किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन तो अपडेट करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात गाडीला स्वतःचं ई-सिम असतं. नकाशातले बदल, रहदारीची स्थिती आणि पत्त्यांचा शोध हे सगळं इंटरनेटवरून येतं. २०२० मध्ये आलेल्या पोलस्टार २ या विजेवरच्या गाडीत गुगलची प्रणाली थेट डॅशबोर्डमध्येच बसवलेली होती, ती याच प्रकारातली. तिसरा प्रकार म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले. इथे मॅप फोनमध्येच चालतो, गाडीचा स्क्रीन तो फक्त मोठा करून दाखवतो.

हा तिसरा प्रकार आता मधल्या मॉडेललाही सर्रास मिळतो आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा तोच समोर येतो. ओळखायची खूण सोपी आहे. गाडीत बसलेल्या सगळ्यांचे फोन बंद करावेत आणि मग सेल्समनला मॅप लावायला सांगावं. स्क्रीनवर नकाशा आला तर तो गाडीचा. नाही आला, तर ज्यासाठी पैसे मागितले जात आहेत ती वस्तू गाडीत नाहीच.

दुसरा प्रश्न असा, की नकाशा कुणाचा? भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये तो मॅपमायइंडियाचा असतो. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या भारतीय कंपनीचं ‘मॅपल्स’ नावाचं ॲप फोनवर फुकट मिळतं. म्हणजे उत्तर मॅपमायइंडिया आलं, तर गाडी घेण्याआधीच आठवडाभर ते ॲप लावून आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर फिरून बघता येतं. गाडीतली आवृत्ती ॲपपेक्षा जुनी असू शकते, पण नकाशाचा स्वभाव नक्की कळतो.

गाडीला जे कळतं

मोटारीतला पहिला नकाशा उपग्रहांवर अवलंबून नव्हता. होंडाने १९८१ मध्ये जपानमध्ये अकॉर्ड गाडीसाठी जी यंत्रणा आणली, ती वायूवर चालणाऱ्या जायरोस्कोपने वळण ओळखायची, चाकांवरून अंतर मोजायची आणि पारदर्शक फिल्मवरच्या नकाशावर गाडीची जागा दाखवायची. पुढे जीपीएस आलं, मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संदेशांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि जागा काही मीटरपर्यंत नेमकी कळू लागली. तरीही चाक आणि जायरोस्कोप यांचं जुनं गणित संपलं नाही. कंपनीच्या चांगल्या यंत्रणेत ते आजही चालू असतं.

त्याचा उपयोग बोगद्यात कळतो. मुंबईच्या किनारी रस्त्यावर प्रियदर्शनी पार्क आणि गिरगाव चौपाटी यांच्यामध्ये दोन किलोमीटरहून थोडा लांब जोडबोगदा आहे. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा तर जवळपास आठ किलोमीटरचा. डोंगराखाली उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत. फोन मग शेवटच्या वेगावरून अंदाज बांधत बाण पुढे सरकवतो. आत वाहतूक तुंबली तर बाण पुढे आणि गाडी मागे, अशी स्थिती होते. चाकांचे फेरे मोजणारी यंत्रणा मात्र गाडी थांबली की बाणही थांबवते, त्यामुळे बोगद्याबाहेर लगेच फाटा असेल तर तिची सूचना वेळेवर येते. उंच इमारतींच्या गल्ल्यांत आणि मॉलच्या तळघरातून बाहेर पडतानाही हाच फरक जाणवतो.

इथे एक पोटकलम आहे. काही गाड्या आपल्या अँटेनाची आणि चाकांची माहिती अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमार्फत फोनलाही देतात. तसं असेल तर टॉप मॉडेलचा हा फायदा मधल्या मॉडेलमध्येच मिळून जातो. सेल्समनला हे माहीत नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून टेस्ट ड्राइव्हचा रस्ता बोगद्यातून किंवा लांब भुयारी मार्गातून जाईल असा निवडावा.

दुसरा फायदा नजरेचा. काही गाड्यांत पुढचं वळण स्पीडोमीटरशेजारी किंवा समोरच्या काचेवर दिसतं. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर हटली, तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. आडव्या स्क्रीनकडे मान वळवण्यापेक्षा समोर दिसणारा बाण केव्हाही बरा. पण तिथे फक्त गाडीचाच मॅप दिसतो की फोनवरचाही, हे मॉडेलनुसार बदलतं. विचारून नव्हे, लावून बघावं.

तिसरा फायदा उन्हाळ्यातला. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असं ॲपलच सांगते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त. काचेला चिकटवलेला फोन अशा वेळी स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, कधी बंदही पडतो. गाडीचा स्क्रीन मुळात या तापमानासाठीच बनवलेला असतो. फोनच वापरायचा असेल, तर तो एसीच्या झोतासमोर ठेवावा आणि वायरलेसऐवजी केबल लावावी. तेवढ्याने निम्मा त्रास कमी होतो.

विजेवरच्या गाडीत हिशोब आणखी बदलतो. गाडीच्या यंत्रणेला बॅटरीचा उरलेला चार्ज माहीत असतो. त्यावरून ती पुढचं चार्जिंग कुठे करावं लागेल हे सुचवू शकते. काही गाड्यांत फास्ट चार्जर हे ठिकाण म्हणून गाडीच्याच मॅपवर टाकलं, की पोचण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणण्याचं काम सुरू होतं आणि चार्जिंग लवकर उरकतं. फोनवर तेच ठिकाण टाकलं तर गाडीला ते सहसा कळत नाही. पुण्याहून नागपूरला विजेवर जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही सोय शोभेची नाही. पेट्रोलच्या गाडीत मात्र या मुद्द्याला फारसं वजन नाही.

नकाशाचं वय

आता तोट्याची बाजू. रस्ते बदलतात, महाराष्ट्रात तर फारच वेगाने. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये आली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. या तारखा इथे देण्याचं कारण असं, की शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीतल्या नकाशाचं वय यावरूनच काढता येतं.

गाडीच्या मॅपवर आमण्याहून नागपूरला जायचा रस्ता मागावा. तो इगतपुरीपर्यंत जुन्या महामार्गाने नेऊन मग समृद्धीवर चढवत असेल, तर नकाशा जून २०२५ च्या आधीचा. शिवडीहून चिर्ल्याला जाताना अटल सेतूऐवजी वाशीचा खाडीपूल दाखवत असेल, तर तो २०२४ च्याही मागचा. मग डीलरला विचारावं, ताजा नकाशा कधी मिळणार, कुठे मिळणार, किती वर्षं फुकट, आणि त्यानंतर किती रुपये? “मिळेल ना सर” हे यावरचं उत्तर नव्हे.

रहदारीचाही प्रश्न आहे. गुगलला कुठे कोंडी झाली हे कळतं, कारण त्या रस्त्यावरचे असंख्य फोन आपला वेग त्याला कळवत असतात. साठवलेल्या नकाशाला हे कळण्याचा मार्ग नाही. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात रांग लागली असली, तरी तो निर्विकारपणे त्याच रांगेत नेऊन उभं करतो.

साठवलेल्या नकाशाची बाजू घ्यायची तर एकच मुद्दा उरतो: नेटवर्क नसलेले घाट आणि जंगलातले रस्ते. भामरागडकडे किंवा मेळघाटात तो उपयोगी पडतो. पण ही सोय गुगल मॅप्समध्येही आहे. निघण्याआधी घरच्या वाय-फायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला, की इंटरनेट नसतानाही गाडीचा रस्ता कळतो. फक्त कोंडीची माहिती मिळत नाही. ही दोन मिनिटांची तयारी करणाऱ्याला त्या मुद्द्यासाठी टॉप मॉडेल घेण्याची गरज नाही.

फुकट किती वर्षं?

ई-सिम असलेल्या गाड्यांत नकाशा ताजा राहतो, पण तिथे वर्गणीचा हिशोब येतो. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू ब्लूलिंक या इंटरनेट सेवेसह आली तेव्हा ती सेवा तीन वर्षं मोफत होती. सामान्य कुटुंब गाडी आठ-दहा वर्षं वापरतं. म्हणजे चौथ्या वर्षापासून पुढे काय, हे आजच विचारायला हवं. वर्गणी संपल्यावर मॅप पूर्ण बंद होतो, की रहदारी आणि शोध एवढंच जातं आणि नकाशा उरतो, यावर बरंच अवलंबून आहे.

मोबाइल नेटवर्कचं आयुष्य गाडीहून कमी असतं, ही गोष्ट अमेरिकेतल्या वाहनचालकांना २०२२ मध्ये कळली. तिथल्या एटी अँड टी कंपनीने त्या वर्षी फेब्रुवारीत थ्रीजी सेवा बंद केली आणि थ्रीजीवर अवलंबून असलेल्या अनेक जुन्या मोटारींतल्या इंटरनेट सेवा थांबल्या. गाड्या धडधाकट होत्या, आतलं मोडेम कालबाह्य झालं होतं. त्याच वर्षी १ जानेवारीला होंडा आणि ॲक्युरा यांच्या नेव्हिगेशन असलेल्या अनेक जुन्या गाड्यांची घड्याळं थेट २००२ सालात गेली. फोन जुना झाला तर तीन-चार वर्षांनी बदलता येतो. डॅशबोर्डमध्ये बसवलेलं यंत्र इतक्या सहज बदलत नाही, कारण आजकाल एसी आणि कॅमेराही त्याच स्क्रीनवर चालतो.

उलट दिशेने निघालेल्याही काही कंपन्या आहेत. जनरल मोटर्सने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं, की आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो असणार नाही, गाडीचीच प्रणाली वापरावी लागेल. अशा गाडीत स्क्रीनवर फोनचा मॅप लावण्याचा पर्याय राहत नाही. तिथे त्या प्रणालीची पारख इंजिनाइतकीच काळजीपूर्वक करावी लागते.

टेस्ट ड्राइव्हला जाताना

शोरूमभोवतीची ठरलेली फेरी मारून नेव्हिगेशनची परीक्षा होत नाही. पाच गोष्टी करून बघाव्यात.

एक, आपल्या गावाचं नाव टाकावं. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, शिरगाव, नांदगाव या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मॅप तालुका आणि जिल्हा दाखवून विचारतो, की पहिलं सापडेल तिकडे निघतो? ‘वडगाव’ इंग्रजीत दोन वेगळ्या स्पेलिंगने टाकून दोन्ही वेळा तेच गाव येतं का, हेही बघावं.

दोन, पत्ता बोलून सांगावा आणि मराठीत सांगावा. मराठीत ऐकता-बोलता येतं असं माहितीपत्रकात लिहिलेलं असणं वेगळं आणि ‘कोथरूडच्या मृत्युंजयेश्वर मंदिराजवळ’ हे यंत्राला कळणं वेगळं.

तीन, उड्डाणपुलाखालून आणि वरून एकेकदा जावं. पुलावर चढायचं की खालून जायचं हे मॅप आधी सांगतो का? गुगलने फोनवरच्या मॅपमध्ये उड्डाणपुलाच्या सूचना भारतातल्या ४० शहरांसाठी जुलै २०२४ मध्ये जाहीर केल्या.

चार, मुद्दाम चुकीचं वळण घ्यावं. नवा रस्ता किती लवकर सुचतो, की मॅप बराच वेळ ‘यू-टर्न घ्या’ एवढंच म्हणत राहतो, ते मोजावं.

पाच, घरातल्या सगळ्यात कमी तंत्रप्रेमी माणसाला ठिकाण टाकायला सांगावं. आईला किंवा आजोबांना जमलं नाही, तर गाडीतला तो मॅप पहिल्या महिन्यानंतर कुणी उघडणार नाही.

मॅप कुठलाही असो

महागडा मॅप सुरक्षित, असा एक समज असतो. तो धोक्याचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी मॅपच्या भरवशावर निघालेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा जीव गेला. तिथेही मॅप लावलेला होता. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली मोटार थेट जेट्टीवरून खाडीत पडली. सुदैवाने त्या महिलेला वाचवण्यात आलं.

या घटनांत मॅप फोनवरचा होता, पण गाडीतला असता तरी फार फरक पडला नसता. पूल वाहून गेला ही माहिती कुणीतरी भरल्याशिवाय नकाशाला कळत नाही, आणि साठवलेल्या नकाशाला तर ती सगळ्यात उशिरा कळते. अनोळखी रस्त्यावर रात्री, पावसाळ्यात किंवा धरणाच्या परिसरात पुढे दिवे, वाहनं, माणसं काहीच दिसेनासं झालं, तर गाडी बाजूला घेऊन स्थानिक माणसाला विचारावं.

फोन वापरणाऱ्यांसाठी कायद्याचीही नोंद हवी. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण केवळ रस्ता शोधण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतं. म्हणून फोन होल्डरमध्ये असावा, नजरेच्या रेषेत पण काचेतून दिसणारा रस्ता न झाकता, आणि ठिकाण निघण्याआधी टाकलेलं असावं. मांडीवर ठेवलेला फोन या सवलतीत बसत नाही.

हिशोब कागदावर

भारतात नेव्हिगेशन बहुधा सुटं विकलं जात नाही. ते सनरूफ, चांगले स्पीकर, चामड्याच्या सीट यांच्या गठ्ठ्यात बांधून येतं. त्यामुळे आधी त्या गठ्ठ्यातल्या खरोखर हव्या असलेल्या वस्तू वेगळ्या कराव्यात. नेव्हिगेशन वजा केल्यावरही वरचं मॉडेल हवंसं वाटत असेल, तर प्रश्नच मिटला, मॅप वरकड मिळाला असं समजावं. केवळ मॅपसाठी वर चढायचं असेल, तर गणित कडक करावं.

समजा दोन मॉडेलमधला फरक १ लाख रुपये आहे आणि तो कर्जात जाणार आहे. नऊ टक्के व्याजाने सात वर्षांत त्या एका लाखाचा हप्ता सुमारे १,६१० रुपये पडतो आणि एकूण परतफेड १ लाख ३५ हजारांच्या घरात जाते. महाराष्ट्रात वाहनाचा कर किमतीच्या टक्केवारीने लागतो. पेट्रोलच्या गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे जास्त. वरच्या मॉडेलने १० लाखांची रेषा ओलांडली तर कराचा दर बदलतो, शिवाय एक टक्का टीसीएस आधी भरावा लागतो, जो नंतर आयकरात वळता करता येतो. विम्याचा हप्ताही वाढीव किमतीवर ठरतो. फोनचा होल्डर आणि चांगली केबल यांचा खर्च या आकड्यांपुढे नगण्य आहे.

शहरात घर-ऑफिस करणाऱ्या आणि सुट्टीत कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने मधलं मॉडेल घ्यावं, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले नीट चालतं एवढं बघावं आणि उरलेले पैसे सुरक्षिततेवर खर्च करावेत. सहा एअरबॅग किंवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल यांच्या बदल्यात मॅप तर कधीच घेऊ नये. विजेवरच्या गाडीने जिल्ह्याबाहेर नियमित जाणाऱ्यांनी मात्र चार्जिंगचं नियोजन करणारी, इंटरनेटशी जोडलेली यंत्रणा घ्यावी. ज्यांची गाडी वेगवेगळे ड्रायव्हर चालवतात, अशा कंपन्या आणि पर्यटन व्यावसायिकांनाही ती उपयोगी, कारण मॅप कुणाच्या वैयक्तिक फोनवर अवलंबून राहत नाही. जुनी महागडी गाडी घेणाऱ्याने तिच्या नेव्हिगेशनची किंमत शून्य धरूनच सौदा करावा, आणि आधीच्या मालकाचं खातं काढून सेवा आपल्या नावावर होते का, हे पैसे देण्याआधी कंपनीकडे विचारावं. गाडी विकणाऱ्यानेही चावी देण्याआधी स्क्रीनवरचं ‘घर’ आणि ‘ऑफिस’ पुसून फॅक्टरी रिसेट करावा.

टॉप मॉडेल घ्यायचं ठरलंच, तर बुकिंगच्या अर्जावर डीलरच्या सहीशिक्क्याने चार ओळी लिहून घ्याव्यात: नकाशा कुणाचा आणि कोणत्या महिन्याचा, अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मोफत, त्यानंतरची वार्षिक वर्गणी किती, आणि वर्गणी न भरल्यास मॅपमधलं काय चालू राहील. तोंडी सगळं कबूल करणारा सेल्समन लिहून द्यायला का-कू करू लागला, तर किमतीच्या तक्त्यात एक रकाना मागे यावं.